पर्यावरण अभियंता व्हायचंय? शिक्षण, सराव आणि परवान्यापर्यंतची वाट

पर्यावरण अभियांत्रिकीकडे वळणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या मनात नद्या, जंगलं, वन्यजीव असं काहीतरी असतं. यातलं काही खोटं नाही, पण कामाचा दिवस मात्र सांडपाण्याच्या टाक्या, पंप, हवा सोडणारे ब्लोअर, धुराड्यांच्या चाचण्या, कचरा डेपोतून झिरपणारं काळं पाणी आणि या सगळ्याचे आकडे यांच्यात जातो. निसर्गावर प्रेम असेल तर उत्तमच, फक्त त्या प्रेमावर टाकीचं आकारमान काढता येत नाही.

आधी एक गल्लत दूर करू. पर्यावरणशास्त्र आणि पर्यावरण अभियांत्रिकी हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत आणि पदवीनंतर त्यांच्या वाटाही वेगळ्या होतात. नदीत अमोनिया वाढलाय आणि त्यामुळे मासे मरतायत, हे शास्त्रज्ञ शोधून काढतो. अभियंत्याला पुढचं सांगावं लागतं: टाकी केवढी, हवा किती सोडायची, वीज किती लागेल, साचलेला गाळ कुठे न्यायचा, आणि हे सगळं किती वर्षं टिकेल. आराखड्याखाली सहीही त्याचीच असते. तुम्हाला यातलं पहिलं काम जास्त भावत असेल तर शास्त्राची पदवी घ्या. ती कमी दर्जाची नाही, फक्त तिच्यावर पुढे अभियंत्याचा परवाना मिळवणं अवघड जातं.

शाळेत असतानाच

गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हे तीन विषय सोडून चालणार नाहीत. जीवशास्त्रही शक्य असेल तर ठेवा, कारण सांडपाणी साफ करण्याचं खरं काम जिवाणू करतात आणि अभियंता फक्त त्यांची सोय पाहतो. रसायनशास्त्रात मोल, आम्ल-आम्लारी समतोल आणि ऑक्सिडीकरण-क्षपण हे तीन धडे घट्ट करून घ्या. गणितात लॉगॅरिदमशी मैत्री हवी. पीएच लॉगवर चालतो, आवाजाचे डेसिबलही लॉगवर. ८० डेसिबलचं एक यंत्र चालू असताना तसंच दुसरं सुरू केलं तर आवाज १६० होत नाही, ८३ होतो. या वाक्यावर जे चमकतात त्यांनी तो धडा पुन्हा वाचावा.

पदवी कोणती घ्यायची

सरळ वाट म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीचीच चार वर्षांची पदवी. पण माझं मत विचाराल तर, तुमच्या आवाक्यातल्या कॉलेजात ही शाखा नवी किंवा अशक्त असेल, तर सिव्हिल किंवा केमिकलची भक्कम पदवी घेऊन पदव्युत्तर शिक्षण पर्यावरणात करणं जास्त शहाणपणाचं. हा विषय मुळात सिव्हिलच्याच घरात वाढला. एकोणिसाव्या शतकात कॉलराच्या साथींनी शहरं हादरली तेव्हा गटारं आणि पाणीपुरवठा उभारणारे सिव्हिल इंजिनिअरच होते, आणि कितीतरी वर्षं या शाखेला स्वच्छता अभियांत्रिकी म्हणत.

सिव्हिलमधून आलेल्याला जलविज्ञान, पाइपांचं जाळं, काँक्रीटच्या टाक्या सोप्या जातात. केमिकलवाल्याला अभिक्रिया आणि रिअ‍ॅक्टर समजतात, त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्यात तो लवकर रुळतो. मेकॅनिकलवाले बहुधा हवेच्या प्रदूषणाकडे जातात, कारण पंखे, डक्ट, बॅग फिल्टर ही त्यांच्या ओळखीची यंत्रं असतात. शुद्ध विज्ञानाची पदवी घेऊन अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात जाता येतं, पण अनेक विद्यापीठं आधी द्रवयांत्रिकी, विभेदक समीकरणं वगैरे पूरक विषय पूर्ण करायला लावतात. त्यात एखादं वर्ष जादा जाईल असं धरूनच चला.

फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते बघा. विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि त्या विशिष्ट अभियांत्रिकी कार्यक्रमाची वेगळी, आणि तुम्हाला दुसरीची चौकशी करायची आहे. १९८९ साली काही देशांच्या मान्यता देणाऱ्या संस्थांनी एकमेकींच्या अभियांत्रिकी पदव्या मानायचा करार केला, तोच वॉशिंग्टन करार. नंतर त्यात आणखी देश आले. तुमचा कार्यक्रम या कराराखाली मान्य असेल तर परदेशात पुढचं शिक्षण किंवा परवाना घेताना कागदपत्रांची डोकेदुखी बरीच कमी होते. नावात ‘पर्यावरण व्यवस्थापन’ किंवा ‘शाश्वतता’ असलेले काही अभ्यासक्रम अभियांत्रिकीचे नसतातच. माहितीपत्रक गोड बोलतं, म्हणून विषयांची यादी मागून घ्या. त्यात द्रवयांत्रिकी आणि आराखड्याचे विषय नसतील तर ती अभियांत्रिकीची पदवी नव्हे.

पदवीच्या वर्षांत काय पक्कं करायचं

विषय पुष्कळ असतात: द्रवयांत्रिकी, जलविज्ञान, पाण्याचं रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जलशुद्धीकरण, सांडपाणी प्रक्रिया, वायुप्रदूषण नियंत्रण, घनकचरा, भूजल, संख्याशास्त्र. या सगळ्यांच्या तळाशी वस्तुमानाचा ताळेबंद आहे. टाकीत जेवढं आलं, त्यातलं काही बाहेर गेलं, काही आत साचलं, काही अभिक्रियेत बदललं. घरखर्चाच्या वहीसारखा हा हिशेब जुळलाच पाहिजे, आणि जुळला नाही तर कुठेतरी मोजण्यात चूक आहे किंवा एखादी वाट तुमच्या नजरेतून सुटली आहे.

एक उदाहरण करून बघा. नदीचा प्रवाह सेकंदाला ५ घनमीटर आणि तिच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तेवढा ऑक्सिजन, लिटरला २ मिलिग्रॅम. तिला अर्धा घनमीटरचा नाला मिळतो, त्याचा बीओडी ४०. दोन्ही पाणी पूर्ण मिसळल्यावर किती? ५ गुणिले २ म्हणजे १०, अर्धा गुणिले ४० म्हणजे २०, बेरीज ३०, भागिले एकूण प्रवाह साडेपाच. उत्तर साधारण ५.५. नाल्याचं पाणी नदीच्या दहावा हिस्साच, तरी बीओडी जवळपास तिप्पट. आता उन्हाळ्यात नदीचा प्रवाह १ घनमीटरवर आला तर? १ गुणिले २, अधिक २०, भागिले दीड: साडेचौदाच्या वर. नाला तोच, कारखाने तेच, पण नदी मेली. वर उन्हाळ्यात पाणी गरम असतं: २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे खर्च वाढलेला असताना शिल्लकही आटते. १९२५ मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून ऑक्सिजनच्या या घटण्या-भरण्याचं समीकरण मांडलं, आणि ते आजही जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असतं. ते पाठ करू नका. दोन पदं कुठून आली एवढं समजून घ्या: एक जिवाणूंनी खाल्लेल्या ऑक्सिजनचं, दुसरं हवेतून परत मिळणाऱ्याचं.

दुसरी सवय म्हणजे तीव्रतेवर न थांबता भार काढायचा. रोज १ कोटी लिटर सांडपाणी, बीओडी २५०, म्हणजे दिवसाला २,५०० किलो. प्रक्रिया होऊन बाहेर १० च्या तीव्रतेने गेलं तर १०० किलो. मधले २,४०० किलो जिरवायला किती हवा लागेल, त्यावर ब्लोअरचा आकार ठरतो. सक्रिय गाळाच्या प्रकल्पात, म्हणजे जिथे हवा सोडून जिवाणूंच्या गाळाकडून सांडपाणी साफ करून घेतात तिथे, विजेचा जवळपास निम्मा खर्च या हवेवरच होतो, म्हणून इथली चूक वर्षानुवर्षं बिलात दिसत राहते.

सक्रिय गाळाची पद्धत कशी सापडली तेही वाचा. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली, तळाशी बसलेला गाळ फेकून न देता तसाच ठेवला, त्यावर नवं सांडपाणी ओतलं, आणि हे पुन्हा पुन्हा केलं. दर खेपेला पाणी साफ व्हायला लागणारा वेळ कमी होत गेला. आजच्या अनेक मोठ्या प्रकल्पांचा गाभा एवढाच आहे.

मानकांचे आकडे मात्र पाठ करण्यात शक्ती घालवू नका, ते बदलतात. हवेतल्या पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅम होती, २०२१ मध्ये ती ५ झाली. आकडा कुठे बघायचा आणि तो वर्षाच्या सरासरीचा आहे की २४ तासांच्या, हे कळलं की झालं.

प्रयोगशाळेचे तास बुडवू नका

पुढे तुम्ही प्रयोगशाळेत नोकरी कराल असं नाही, पण प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि स्वतः बाटल्या धुतल्याशिवाय ते ठरवता येत नाही.

बीओडी म्हणजे नमुना २० अंशांवर ५ दिवस अंधारात ठेवून किती ऑक्सिजन खर्च झाला ते मोजणं. काही उष्ण देशांत २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. ही ५ दिवसांची मुदत ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाच्या १९१२ सालच्या अहवालापासून रूढ झाली. व्यवहारात याचा अर्थ असा की आज प्रकल्प बिघडला तर बीओडीचा आकडा बिघाड होऊन गेल्यावर हाती येतो. म्हणून रोजच्या कामाला सीओडी (घाणीचं रसायनाने ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) वापरतात, तो काही तासांत मिळतो. सीओडीच्या चाचणीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि पाऱ्याचं संयुग वापरतात, म्हणजे प्रदूषण मोजताना आपणही थोडं विष तयार करतो. ते बेसिनमध्ये ओतणारी प्रयोगशाळा दिसली तर तिथल्या बाकीच्या शिस्तीबद्दलही शंका घ्या.

जार टेस्ट स्वतःच्या हाताने करा: सहा बीकर, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं, आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग थांबायचं. कुठल्या बीकरमधला गाळ छान गुठळ्या होऊन बसतो ते डोळ्यांनी दिसतं. तुरटी जास्त घातली म्हणून पाणी जास्त स्वच्छ होतंच असं नाही, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर पटतं.

आणखी एक चाचणी जवळजवळ फुकटची. सांडपाण्यात हवा सोडतात त्या एअरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन अर्धा तास ठेवा. गाळ २५० मिलिलिटरवर बसला आणि त्या पाण्यातला निलंबित गाळ लिटरला अडीच ग्रॅम असेल, तर एसव्हीआय, म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा, १००. ठीक चाललंय. १५० च्या वर जाऊ लागला तर गाळ फुगायला लागलाय, बहुधा तंतुमय जिवाणू वाढलेत. अनुभवी ऑपरेटर सिलिंडर बघूनच सांगतो, आकडा नंतर येतो.

नमुना घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि वर्गात त्याला फारच कमी वेळ मिळतो. धातूंसाठीचा नमुना नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली नेऊन ठेवतात. जिवाणूंसाठीची बाटली निर्जंतुक हवी, आणि पाण्यात क्लोरिन असेल तर तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवं. नाहीतर वाटेतच क्लोरिन जिवाणूंना मारतो आणि अहवालात पाणी खोटं निर्मळ दिसतं. बीओडीचा नमुना थंड ठेवून लवकर पोचवायचा. बाटलीवर जागा, वेळ आणि नाव नसेल तर तो नमुना नव्हे, नुसतं पाणी.

सॉफ्टवेअर

एक्सेल, आराखड्यांसाठी ऑटोकॅड आणि नकाशांसाठी क्यूजीआयएस येणं गृहीत धरलं जातं. त्यापुढची बरीच हत्यारं फुकट आहेत: पाइपांच्या जाळ्यासाठी ईपानेट, पावसाच्या पाण्यासाठी १९७१ पासून चालत आलेलं स्वम, धुराच्या पसरणीसाठी एअरमॉड, भूजलासाठी मॉडफ्लो. एक खोल शिका, बाकीची ओळख पुरे. प्रत्येक वेळी उत्तर आल्यावर कागदावर ढोबळ हिशेब करून बघा, कारण संगणक चुकीच्या एककालाही तेवढ्याच आत्मविश्वासाने उत्तर देतो.

सुट्टीतलं प्रशिक्षण

इंटर्नशिप मोठ्या सल्लागार कंपनीच्या कार्यालयात मिळाली तर घरचे खूश होतात. मी पहिल्या खेपेला प्रकल्पावर जायला सांगेन: जलशुद्धीकरण केंद्र, एसटीपी (शहराचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प), एखाद्या कारखान्याची ईटीपी (तिथल्या सांडपाण्याचा प्रक्रिया प्रकल्प), नाहीतर शास्त्रीय पद्धतीने चालवलेला लँडफिल, म्हणजे कचरा पुरण्याची जागा. कार्यालयात पुढे जाणं होतंच. पंप बदलताना बघण्याची, व्हॉल्व्ह हाताने फिरवण्याची संधी नंतर क्वचित मिळते.

तिथे गेलात की पहिल्या आठवड्यात पाण्याच्या वाटेने चालत प्रवाहाचा आराखडा स्वतः काढा. भिंतीवर छापील नकाशा असेल, पण प्रत्यक्षात एखादी टाकी बायपास केलेली असते, एखादं मीटर बंद असतं. ऑपरेटरबरोबर रात्रपाळी एकदा तरी करा. त्याला विचारा: पावसात काय होतं, वीज गेली की आधी काय बंद करायचं, कुठला आकडा तू खरा मानतोस आणि कुठला नुसता लिहितोस. शेवटचा प्रश्न ओळख झाल्यावरच विचारा. गाळ कुठे जातो हेही विचारा. नव्यांचं सगळं लक्ष स्वच्छ पाण्यावर असतं, पण प्रकल्प अडतो तो बहुतेकदा गाळावर.

सुरक्षेबद्दल इथे थोडं जास्त बोलतो, कारण या क्षेत्रात माणसं मरतात आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारख्या कारणाने मरतात. मॅनहोल, संप (पाणी गोळा होण्याचा खड्डा), बंद टाकी, डायजेस्टर (गाळ कुजवण्याची बंद टाकी) या सगळ्या बंदिस्त जागा. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. १०० पीपीएमच्या (दहा लाखांत १०० भागांच्या) आसपास नाकच बधिर होतं आणि वास थांबतो, तेव्हा ‘आता वास येत नाही, उतरूया’ हा विचार जीव घेतो. मिथेन हवेत ५ टक्क्यांवर पोचला की ठिणगीने पेटू शकतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचं नाही. वायुमापक, सतत हवा, हार्नेस आणि वर उभा असलेला माणूस यांच्याशिवाय कोणीही सांगितलं तरी उतरू नका, साहेबांनी सांगितलं तरी नाही. आत पडलेल्याला वाचवायला धावत उतरलेला दुसरा माणूसही बऱ्याचदा तिथेच जातो.

दूषित जागांवर काम करायचं असेल तर वेगळं प्रशिक्षण लागतं. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागेवर नेहमी काम करणाऱ्यांना ४० तासांचं प्रशिक्षण, ३ दिवस देखरेखीखालचं काम आणि दरवर्षी ८ तासांची उजळणी सक्तीची आहे. तुमच्या देशात सक्ती नसली तरी असं प्रशिक्षण मिळत असेल तर घ्या.

पदव्युत्तर शिक्षण घ्यावं का

पदवी पर्यावरणाचीच असेल आणि नोकरी हाती असेल तर आधी दोन-तीन वर्षं काम करा. मग कशात खोल जायचं ते कळतं, आणि वर्गात प्रश्नही चांगले सुचतात. सिव्हिल-केमिकलवाल्यांनी मात्र लवकर केलेलं बरं. पीएचडी संशोधन किंवा अध्यापन करायचं असेल तरच. नोकरी मिळत नाही म्हणून पीएचडीत शिरणं महागात पडतं.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्प उभारण्याआधी त्याने परिसरावर काय परिणाम होईल ते तपासण्याचा, एखादा अभ्यासक्रम पदवीत किंवा नंतर जरूर करा. अमेरिकेत १९७० पासून अमलात आलेल्या कायद्याने मोठ्या सरकारी प्रकल्पांआधी असा अभ्यास बंधनकारक केला आणि पुढे जगभर ती पद्धत पसरली. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या लेखापरीक्षणाचं छोटं प्रशिक्षण कारखान्यात काम करणाऱ्यांना उपयोगी पडतं. पण अशी प्रमाणपत्रं भिंतीभर जमवण्यात अर्थ नाही, एकदोन पुरेत.

लेखन मात्र सुधारा. अहवाल वाचणारे अधिकारी, वकील, गावकरी असतात. त्यांना समीकरण नको असतं, ‘पावसाळ्यात या टाकीतून पाणी ओसंडेल का’ याचं उत्तर हवं असतं.

परवाना आणि त्यासाठीची वही

प्रत्येक देशाचा नियम वेगळा. अमेरिकेत आधी एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षा, ११० प्रश्नांची, पदवीच्या शेवटच्या वर्षातच देता येते, आणि तिची पर्यावरण शाखेची स्वतंत्र आवृत्ती आहे. त्यानंतर साधारणपणे ४ वर्षांचा अनुभव आणि पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) परीक्षा. ब्रिटनमध्ये भर लेखी परीक्षेपेक्षा कामाच्या पुराव्यावर आणि मुलाखतीवर असतो, त्यातून चार्टर्ड इंजिनिअर हा किताब मिळतो. काही देशांत सही करण्यासाठी असा परवाना लागतोच, काही ठिकाणी नाही. तुम्हाला जिथे काम करायचंय तिथला नियम पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच वाचून ठेवा. एफईसारखी परीक्षा अभ्यास ताजा असताना दिलेली सोपी जाते.

अनुभव मोजला जातो तो सहसा परवानाधारक अभियंत्याच्या हाताखालचा. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर हेही विचारा: माझ्या कामावर सही कोण करणार, आणि त्याच्याकडे परवाना आहे का? मुलाखतीत हे विचारायला संकोच वाटतो, पण तीन वर्षांनी ‘हा अनुभव धरता येणार नाही’ असं ऐकणं जास्त जड जातं.

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. प्रकल्पाचं नाव, तारीख, तुम्ही स्वतः काय हिशेब केला, कुठला निर्णय तुमचा होता, वरिष्ठांनी काय बदललं आणि का. ‘टीममध्ये सहभागी होतो’ अशी नोंद अर्जात कुचकामी ठरते, ‘क्लॅरिफायरचा (गाळ बसवण्याच्या टाकीचा) पृष्ठभाग भार, म्हणजे दर चौरस मीटरवर येणारं पाणी, मी काढला, वरिष्ठांनी पावसाळी प्रवाह धरून तो पुन्हा काढायला लावला’ ही नोंद उपयोगी पडते. दर तीन महिन्यांनी ती वही त्या वरिष्ठाला दाखवून सही घ्या. माणसं नोकऱ्या बदलतात, कंपन्या बंद होतात, आणि चार वर्षांनंतर सहीसाठी कोणाला शोधत बसणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं. गोपनीय आकडे आणि ग्राहकांची कागदपत्रं त्या वहीत उतरवू नका, कामाचं स्वरूप आणि तुमचा वाटा एवढंच लिहा.